हिवतापाचे कोडे सोडवणारे डॉ. रॉस

तुमच्या दादींना किंवा नानांना एकदा विचारा की त्यांच्या लहानपणी भादव्यात आणि अश्विनात गावात काय होत असे. ते सांगतील, की घरोघर कोणी ना कोणी पांघरूण घेऊन पडलेले असायचे. आधी अंगात हुडहुडी भरायची, दात वाजायचे, गोधडीवर गोधडी टाकली तरी थंडी जायची नाही. मग अंग भट्टीसारखे तापायचे. शेवटी दरदरून घाम यायचा आणि माणूस निपचित पडायचा. एक दिवस बरा जायचा आणि पुन्हा ठरल्या वेळी तेच सुरू व्हायचे.

या तापाला मराठीत हिवताप म्हणतात. 'हीव' म्हणजे थंडी. थंडी वाजून येणारा ताप तो हिवताप. इंग्रजीत त्याला मलेरिया म्हणतात. हा शब्द मूळ इटलीतला आणि त्याचा अर्थ 'खराब हवा' असा आहे. दलदलीच्या जागी जी दूषित हवा असते तिच्यामुळे हा ताप येतो, असे लोक शेकडो वर्षे मानत होते. ही समजूत अगदीच खुळी नव्हती. दलदल आणि ताप यांचे नाते लोकांना बरोबर दिसले होते. मधला दुवा तेवढा दिसला नव्हता. तो दुवा ज्यांनी शोधला त्या डॉ. रोनाल्ड रॉस यांची ही गोष्ट आहे. हा शोध आपल्या वर्ध्यापासून फार दूर लागलेला नाही. सेवाग्राम स्टेशनावरून बल्लारशा, काझीपेठमार्गे जी गाडी सिकंदराबादला जाते, त्याच सिकंदराबादला तो लागला.

रोनाल्डचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अल्मोडा या गावी झाला. तारीख पाहा. तीनच दिवस आधी मेरठला शिपायांनी उठाव केला होता. रोनाल्डचे वडील इंग्रजी फौजेत अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत थोरला. आठ वर्षांचा झाल्यावर त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले.

या मुलाला डॉक्टर व्हायचेच नव्हते. त्याला चित्रे काढायची होती, कविता करायच्या होत्या, संगीत रचायचे होते. परंतु वडिलांनी ठरवले की मुलाने डॉक्टर व्हायचे आणि हिंदुस्थानात सरकारी नोकरी करायची. १८७५ मध्ये त्याचे नाव लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या विद्यालयात घातले गेले. अभ्यासात त्याचे मन रमेना. एका परीक्षेत तो नापासही झाला. पुढे पुन्हा बसून पास झाला आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत लागला. तुमच्यापैकी ज्यांना घरचे लोक एकीकडे ओढतात आणि मन दुसरीकडे ओढते, त्यांना रॉस यांची त्या वेळची अवस्था समजेल.

नोकरीची पहिली वर्षे त्यांनी मद्रास इलाख्यात काढली. काम थोडे होते आणि वेळ भरपूर होता. त्या वेळात त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, कविता लिहिल्या आणि स्वतःहून गणित शिकून घेतले. हे गणित पुढे त्यांच्या फार उपयोगी पडले.

१८८३ साली ते बंगलोरला होते. त्यांच्या खोलीत डास फार होते. खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते. रॉस यांनी वाकून पाहिले तर त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यांनी पिंप उपडे केले आणि खोलीतले डास कमी झाले. मग ते आपल्या अधिकाऱ्याकडे गेले आणि बाकीची पिंपेही रिकामी करावीत असे म्हणाले. अधिकाऱ्याने नकार दिला. देवाने डास निर्माण केले आहेत ते काही कारणानेच, आपण मध्ये का पडावे, असे त्याचे मत होते. डास आणि ताप यांचा संबंध असेल, हे तेव्हा रॉस यांच्याही मनात नव्हते. डास चावतात एवढेच त्यांना सतावत होते.

हिवतापाचा जंतू मात्र त्याआधीच सापडला होता. १८८० मध्ये अल्जीरिया देशात लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने रोग्याच्या रक्तात तो पाहिला. लाल रक्तपेशीत शिरून हा जंतू वाढतो. त्याच्या अंगात काळे कण असतात. हे काळे कण लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे. प्रश्न असा होता, की एका माणसाच्या रक्तातला जंतू दुसऱ्या माणसाच्या रक्तात जातो कसा?

१८९४ मध्ये रॉस रजेवर लंडनला गेले असताना त्यांची गाठ डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी पडली. मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमध्ये एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती. हत्तीरोग, म्हणजे ज्यात पाय सुजून हत्तीच्या पायासारखा होतो तो रोग, त्याचे बारीक कृमी डासाच्या पोटात जाऊन वाढतात, हे त्यांना आढळले होते. आपल्या वर्धा जिल्ह्याला हत्तीरोग नवा नाही. आरोग्य खात्याची माणसे रक्त तपासायला रात्री का येतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? दिवसा हे कृमी शरीराच्या आतल्या भागात राहतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळी, वरच्या रक्तात येतात. म्हणून रात्री येणाऱ्या त्या माणसांवर कोणी चिडू नये.

हत्तीरोगाचे कृमी जर डासात वाढतात तर हिवतापाचा जंतूही डासात जात असेल, असा मॅन्सन यांचा तर्क होता. तर्क बरोबर होता, पण त्यात एक चूक होती. डास एकदा रक्त पितो, थोडे दिवस जगतो आणि पाण्यावर मरून पडतो, असे ते समजत. मग ते पाणी माणूस पितो आणि त्याला ताप येतो! रॉस यांनी गुरूचे म्हणणे मानले आणि १८९५ मध्ये सिकंदराबादला परत आल्यावर तसा प्रयोगही केला. मेलेले डास पडलेले पाणी त्यांनी लक्ष्मण नावाच्या माणसाला त्याच्या संमतीने, पैसे देऊन पाजले. लक्ष्मणला थोडा ताप आला, पण त्याच्या रक्तात जंतू सापडले नाहीत. इतरांनाही पाजून पाहिले, काही निष्पन्न झाले नाही. गरीब माणसाला पैसे देऊन असे पाणी पाजणे आज कोणत्याही डॉक्टरला करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पुढची दोन वर्षे कष्टाची गेली. मध्येच सरकारने त्यांना पटकीची साथ आवरायला बंगलोरला पाठवले. १८९७ मध्ये निलगिरीच्या पायथ्याशी हिवतापाचा तपास करताना त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. कोयनेल घेऊन ते बरे झाले आणि पुन्हा सिकंदराबादला आले.

आता खरी अडचण काय होती ती नीट समजून घेऊ. रॉस रोग्याला मच्छरदाणीत झोपवत, आत डास सोडत, डास रक्त प्यायले की त्यांना बाटलीत ठेवत आणि नंतर एकेक डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. डासाचे पोट केवढे, त्यातला जंतू केवढा! एक डास तपासायला तासन्‌तास लागत. त्यांनी शेकडो डास तपासले आणि काहीच सापडले नाही. कारण ते डासच चुकीचे होते. घराजवळच्या घाण पाण्यातले करडे डास आणि पिंपातले पट्टेरी डास हेच त्यांना सहज मिळत. या डासांच्या पोटात हिवतापाचा जंतू जगतच नाही, तो मरून जातो. जसे प्रत्येक बी प्रत्येक मातीत उगवत नाही, तसेच हे आहे. आपल्या काळ्या मातीत कापूस चांगला होतो म्हणून नारळही होईल असे नाही.

ऑगस्ट महिना आला. दख्खनचा तो दमट उकाडा तुम्हाला माहीत आहे. पावसाची एक सर येऊन जाते आणि मग वारा पडतो. रॉस बेगमपेठच्या लहानशा लष्करी दवाखान्यात काम करत होते. डोक्यावरचा पंखा ते ओढू देत नसत, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून गेले असते. कपाळाचा घाम गळून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. डोळ्याकडची काच तडकली होती. बारीक माश्या तोंडावर घोंघावत. दृष्टी थकली होती. अशा वेळी त्यांच्या एका नोकराने कुठून तरी अळ्यांची एक बाटली आणून दिली. दुसऱ्या दिवशी त्यातून जे डास निघाले त्यांच्या पंखांवर ठिपके होते. आज आपण त्यांना अ‍ॅनॉफिलिस म्हणतो.

१६ ऑगस्ट १८९७. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला मच्छरदाणीत झोपवले आणि हे डास आत सोडले. दर डासाला एक आणा असा दर ठरला होता. दहा डास चावले, हुसेन खानाला दहा आणे मिळाले. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया होता. जगाच्या इतिहासात या दहा आण्यांइतका कामी आलेला खर्च थोडाच सापडेल, असे मला वाटते. आणि रॉस यांच्या नावापुढे जसे मानाने 'डॉक्टर' लावतात, तसे हुसेन खानाचे नावही मानाने घ्यायला हवे. रक्त त्याचे होते.

रॉस यांनी काही डास लगेच चिरले. काही सापडले नाही. काही आपोआप मेले. २० ऑगस्टला अगदी मोजके डास उरले. दुपारी रॉस यांनी त्यांतला एक चिरला. त्याच्या जठराच्या भिंतीत त्यांना काही गोल पेशी दिसल्या. अशा पेशी डासात त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. आणि त्या पेशींत काळे कण होते! तेच, रोग्याच्या रक्तातल्या जंतूत असतात ते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा डास चिरला. त्यातल्या पेशी कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे जंतू डासाच्या अंगात जिवंत होता आणि वाढत होता.

इथे क्षणभर थांबा. पहिल्याच दिवशी चिरलेल्या डासात काही का दिसले नाही? कारण जंतूला वाढायला दिवस लागतात. रॉस यांनी सगळे डास दोन दिवसांत चिरून टाकले असते, किंवा ते उन्हाने आधीच मेले असते, तर शोध तिथेच राहिला असता. ऑगस्टमधली ऊब आणि ओल यांनी डासाला जगवले आणि जंतूलाही वाढवले. ज्या उकाड्याने रॉस हैराण झाले होते, तो जंतूला मात्र मानवला होता.

आता तो शोध पुरा करायचा होता. पण सरकारी कारभार कसा असतो पाहा. महिनाभरातच त्यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाडा नावाच्या ठिकाणी झाली. तिथे त्या हंगामात हिवताप जवळजवळ नव्हता. रॉस यांनी तक्रारी केल्या, पत्रे लिहिली. पाच महिने हातचे गेले. १८९८ च्या सुरुवातीला त्यांना कलकत्त्याला संशोधनासाठी पाठवले. तिथे दुसरीच अडचण. प्लेगची धास्ती होती, सुई पाहिली की लोक पळत. बोट टोचून रक्त द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा रॉस पक्ष्यांकडे वळले. चिमण्यांनाही हिवतापासारखा रोग होतो आणि तो करड्या डासांमुळे पसरतो. चिमण्या बोलत नाहीत आणि बाजारात मिळतात.

या कामात त्यांचा सोबती महंमद बक्ष हा होता. डास पकडणे, पाळणे, चिमण्यांना रात्री मच्छरदाणीत डासांसोबत ठेवणे, ही सगळी कामे तो करत असे. रॉस रोज एकेक डास चिरून पाहत गेले. जठरावरच्या गाठी वाढत वाढत आठवड्याभरात फुटत आणि त्यांतून दोऱ्यासारखे बारीक जंतू बाहेर पडत. ते जंतू जात कुठे? जुलै १८९८ मध्ये उत्तर सापडले. ते डासाच्या लाळेच्या ग्रंथींत जाऊन बसत. डास चावताना आधी लाळ सोडतो. त्या लाळेबरोबर जंतू नव्या रक्तात शिरतो. निरोगी चिमण्यांना असे डास चावू दिले आणि त्या आजारी पडल्या. वर्तुळ पूर्ण झाले. पाणी पिऊन ताप येत नव्हता, आणि खराब हवेनेही येत नव्हता.

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीच्या ग्रासी आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसाच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र अ‍ॅनॉफिलिस डासात दाखवले. मान कोणाचा, यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जन्मभराचे भांडण झाले. रॉस स्वभावाने तापट होते आणि अपमान विसरत नसत. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि इथेच केलेल्या कामाबद्दल ते मिळवणारे ते पहिले.

आता आपण वर्ध्याकडे येऊ, म्हणजे रॉस यांच्या शोधाचा अर्थ आपल्या अंगणात कळेल. डासाची मादी जंतू असलेले रक्त प्यायली की ती लगेच धोकादायक होत नाही. जंतू तिच्या पोटात वाढून लाळेत पोचेपर्यंत तिने जगायला हवे. किती दिवस? ते हवेच्या उष्णतेवर ठरते. हिवतापाच्या घातक जातीच्या जंतूला, ज्याला फाल्सिपेरम म्हणतात, २५ अंश सेल्सिअसला सुमारे १२ दिवस लागतात. ३० अंशांना आठ-नऊ दिवस पुरतात. २० अंशांवर आले की तीन आठवड्यांहून अधिक लागतात. १८ अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. व्हायव्हॅक्स नावाची दुसरी जात थोडी अधिक थंडी सोसते.

एक हिशेब करा. समजा डासाच्या १०० माद्या आहेत आणि रोज दर शंभरांतल्या १० मरतात. दहा दिवसांनी साधारण ३५ उरतील. वीस दिवसांनी १२ च उरतील. आता समजा हवा कोरडी झाली आणि रोज शंभरांतल्या २० मरू लागल्या. दहा दिवसांनी ११ उरतील आणि वीस दिवसांनी जेमतेम एक! डास किती आहेत यापेक्षा ते किती दिवस जगतात याला का महत्त्व आहे, ते यावरून दिसते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हवेत ओल नसते. डासाचे नाजूक अंग वाळून जाते, तो फार दिवस टिकत नाही. जंतूलाही एवढी उष्णता सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड, तेव्हा जंतूची वाढ मंदावते. मधले राहिले ते पावसाचे दिवस आणि त्यानंतरचे दोन महिने. धाम नदीचे पाणी ओसरते, पवनारच्या खडकांत डबकी राहतात, कालव्यांच्या कडेला पाणी साचते. हवा उबदार आणि ओलसर. डास पैदा होतात, जगतातही, आणि जंतू वाढून तयार होतो. १९३६ मध्ये एप्रिलच्या अखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव खेड्यात राहायला आले. हेच आजचे सेवाग्राम. उन्हाळा निभावला. पावसाळ्याच्या शेवटी मात्र त्यांना हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल करावे लागले. महिना भादव्याचा होता.

मग उन्हाळ्यात अजिबात भीती नाही का? आहे, आणि ती आपणच घरात आणून ठेवतो. विदर्भात घरोघर कूलर असतो. बाहेर लू वाहते, आत ओला गारवा. बाहेर दोन दिवसांत मेला असता तो डास आत सुखाने जगतो आणि कूलरच्या टाकीतच अंडी घालतो. बंगलोरचे ते पिंप आठवा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, वाळवावी असे सांगतात ते यासाठीच. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात साधारण आठवडा लागतो.

हत्तीरोगाच्या कृमींचेही असेच. त्यांनाही डासात दहा-बारा दिवस लागतात आणि ऊब व ओल लागते. फरक इतकाच, की त्यांचा डास नालीच्या घाण पाण्यातला, म्हणजे ज्यांना रॉस यांनी सिकंदराबादला उगाच चिरले त्या करड्या डासांचा भाऊबंद.

१८९९ मध्ये रॉस यांनी हिंदुस्थान सोडला. पुढचे आयुष्य त्यांनी लिव्हरपूल आणि लंडनला शिकवण्यात, आणि आफ्रिका, इजिप्त, मॉरिशस अशा देशांत हिवताप हटवण्यात घालवले. सुएझ कालव्याजवळच्या इस्माइलिया शहरात १९०२ पासून त्यांच्या सल्ल्याने डबकी बुजवली गेली आणि थोड्याच वर्षांत तिथला हिवताप जवळजवळ गेला. तरुणपणी शिकलेले गणित आता कामी आले. गावातला एकेक डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग आपोआप विझतो, हे त्यांनी आकडेमोडीने दाखवले. अनेकांना ते पटले नाही. रॉस गेल्यावर वीसेक वर्षांनी जॉर्ज मॅकडॉनल्ड या शास्त्रज्ञाने तेच गणित पुढे नेले आणि डासाचे आयुष्य थोडे कमी केले तरी रोग फार कमी होतो, हे सिद्ध केले. घरांच्या भिंतींवर औषध फवारतात ते याच हिशेबाने. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते. तिथेच तिचे दिवस संपतात. आपल्या देशात १९५३ पासून अशी फवारणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. १९६५ च्या सुमारास वर्षाला लाखभरच रोगी राहिले. मग ढिलाई झाली, डास आणि जंतू दोघेही औषधांना निर्ढावले, आणि १९७६ मध्ये रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली.

रॉस यांचे शेवटचे दिवस फारसे सुखाचे नव्हते. आपल्या कामाचे मोल सरकारने केले नाही, हे त्यांच्या मनाला फार लागले होते. १९२८ मध्ये त्यांनी आपले जुने कागद विकायला काढले. त्यांच्या नावाने लंडनच्या पटनी भागात १९२६ मध्ये एक रुग्णालय-संशोधन संस्था निघाली होती. अर्धांगवायूने आजारी असलेल्या रॉस यांनी तिथेच १६ सप्टेंबर १९३२ रोजी प्राण सोडला.

बेगमपेठचा तो लहानसा दवाखाना अजून आहे. २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात.